आकड्याला साक्षीदार हवा

दर वर्षी बुद्धपौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. मचाणावर रात्रभर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजणाऱ्या हौशी मंडळींच्या नोंदींना काही अर्थ आहे का? एक बाजू म्हणते, ही सहल आहे, विज्ञान नव्हे. कॅमेरे लावा आणि माणसांना घरी बसवा. दुसरी बाजू लोकसहभाग, निसर्गप्रेम, जनजागृती हे शब्द पुढे करते आणि त्या नोंदी खऱ्या की खोट्या या प्रश्नाला हातच लावत नाही. मला दोन्ही बाजू मूळ मुद्दा सोडून भांडताना दिसतात. माझं म्हणणं असं की वन्यजीवांच्या गणनेत सामान्य माणसं असलीच पाहिजेत. ती फुकट मिळतात म्हणून नव्हे, आणि त्यांना जंगलाचा लळा लागतो म्हणूनही नव्हे. सरकार जो आकडा जाहीर करतं त्याला सरकारबाहेरचा साक्षीदार हवा, हे त्याचं कारण. मात्र साक्ष ग्राह्य धरायची तर ती घेण्याची रीत पक्की हवी, आणि आपलं घोडं नेमकं तिथे पेंड खातं.

हा प्रश्न नीट समजून घ्यायला मी वाघ किंवा बिबट्या घेणार नाही. त्यांच्याभोवती इतकी भावना आणि इतका पैसा फिरतो की डोकं शांत ठेवून विचारच होत नाही. त्यापेक्षा अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातला एक पक्षी घेतो: गूल्ड्स टर्की. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८५६ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव या पक्ष्याला मिळालं. रानटर्कीच्या उपजातींत हा अंगाने सगळ्यांत थोराड. पाय लांब, पावलं मोठी, आणि शेपटीच्या टोकाला स्वच्छ पांढरी किनार. त्याचं मुख्य घर मेक्सिकोतल्या सिएरा माद्रे पर्वतात, आणि त्या घराचं उत्तरेचं टोक ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत येतं.

तिथला मुलूख विलक्षण आहे. सोनोरन आणि चिवावन ही दोन वाळवंटं जिथे एकमेकांना भिडतात, तिथे सपाट, तापलेल्या, काटेरी झुडपांच्या मैदानातून एकेकटे डोंगर वर येतात: वाचुका, चिरिकावा, सांता रिटा, सांता कॅटलिना, पिनालेनो. पिनालेनोतलं माउंट ग्रॅहम शिखर १०,७२० फुटांवर आहे. पायथ्याशी निवडुंग, मध्यावर ओक आणि जुनिपर, माथ्यावर पाइन आणि फर. हे डोंगर म्हणजे वाळवंटाच्या समुद्रातली बेटं, आणि तिथले लोक त्यांना ‘आकाशबेटं’च म्हणतात. एका बेटावरचा टर्की दुसऱ्या बेटावर सहजी जात नाही. म्हणजे एका डोंगरावरचा कळप संपला तर तो संपलाच.

आणि तो संपला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे खाणी निघाल्या, अपाची युद्धांसाठी लष्करी ठाणी पडली (फोर्ट वाचुका १८७७ सालचं), आणि खाणकामगार, सैनिक, वसाहतवाले या सगळ्यांची पोटं भरायला हा मोठा, चविष्ट, रात्री ठरावीक झाडावर झोपणारा पक्षी अगदी सोयीचा पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तो ॲरिझोनातून नाहीसा झाला. किती होते आणि कोणत्या साली किती उरले, याची कुणाकडे नोंद नाही. पुढे १९८३ पासून मेक्सिकोतून जिवंत पकडलेले पक्षी आणून वाचुका डोंगरात सोडले गेले आणि नंतर एकेका डोंगरावर त्यांची पुन्हा वस्ती बसवली गेली. राज्याचा गेम अँड फिश विभाग, वनखातं, नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही शिकाऱ्यांची संघटना आणि शेकडो साध्या माणसांचे हात या कामात होते. आता दर वसंतात ते पक्षी किती आहेत हे मोजायचं असतं, आणि त्यासाठी स्वयंसेवक बोलावले जातात.

हे मोजणं असतं कसं? उजाडण्याच्या बरंच आधी एखाद्या दरीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. टर्की रात्री उंच सिकॅमोरवर किंवा पाइनवर झोपतो. फटफटायला लागलं की नर झाडावरूनच साद घालतो, ती घशातली गडगडती आरोळी शांत दरीत लांबवर ऐकू जाते. ती आली नाही तर घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढायचा. विणीच्या हंगामातला नर अशा आवाजाने दचकून बऱ्याचदा प्रत्युत्तर देतो. मग दिशा बघायची, वेळ लिहायची, पक्षी झाडावरून उतरून उघड्यावर आले की दुर्बीण लावायची. छातीवर काळ्या टोकांची पिसं म्हणजे नर, फिकट तपकिरी टोकांची म्हणजे मादी. छातीतून लोंबणारी केसाळ दाढी फक्त नराला असते असं समजून चालत नाही, काही माद्यांनाही ती असते. पिसारा फुलवला आणि मधली पिसं बाकीच्यांपेक्षा उंच दिसली तर तो वर्षाचा कोवळा नर, सगळी सारखी असतील तर पुरता वयात आलेला. हे शिकायला पीएचडी लागत नाही. पण शिकावं मात्र लागतं, आणि कुणीतरी शिकवावंही लागतं.

आता विरोधी बाजूचं म्हणणं ऐकू. त्यातलं बरंच खरं आहे.

पहिला आक्षेप अचूकतेचा. नवखा माणूस चुकतो. एकच कळप दोनदा मोजतो, मादीला कोवळा नर समजतो, थंडीत तासभर उभं राहून काहीच दिसलं नाही की ‘बहुतेक दोन होते’ असं लिहून मोकळा होतो. दिसलेले पक्षी म्हणजे असलेले पक्षी नव्हेत, हे संख्याशास्त्राचं पहिलं सूत्र. गेल्या काही दशकांत वन्यजीवशास्त्राने मोठी मेहनत घेतली ती न दिसलेल्यांचा अंदाज बांधण्यासाठी. अशा काळात चार उत्साही लोकांच्या डोळ्यांवर विसंबायचं कशाला? कॅमेरा झोपत नाही, आवाज टिपणारं यंत्र कंटाळत नाही.

हा आक्षेप मी मान्य करतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य करत नाही. वाघासाठी कॅमेरा इतका उपयोगी पडला, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. फोटोतला वाघ ‘हाच तो’ म्हणून ओळखता येतो, आणि तो पुन्हा पुन्हा किती वेळा सापडतो यावरून न सापडलेल्यांचं गणित मांडता येतं. टर्कीला पट्टे नाहीत. पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्यात एका सकाळी सात वेळा नर आला, तर ते सात नर की एकच नर सात वेळा? यंत्र सांगू शकत नाही. आवाज टिपणाऱ्या यंत्राचंही तेच, शिवाय ती गडगडती आरोळी देतो तो नर; माद्या ती सहसा देत नाहीत. मग दुहेरी मोजणी टाळायची कशी? एक जुना, साधा उपाय आहे: शेजारशेजारच्या सगळ्या दऱ्यांत एकाच सकाळी, एकाच वेळेला माणसं उभी करायची. या दरीतला कळप त्याच क्षणी त्या दरीत असू शकत नाही. आता सांगा, एका डोंगरातल्या पंधरा-वीस दऱ्यांत एकाच पहाटे उभे राहतील इतके पगारी जीवशास्त्रज्ञ कोणत्या राज्याकडे आहेत? इथे स्वयंसेवक ही तडजोड राहत नाही, पद्धतीचीच ती गरज आहे. आपल्याकडे पौर्णिमेच्या एकाच रात्री सगळे पाणवठे धरण्यामागेही हाच विचार होता.

आणि चूक ठरलेली असली तर ती तितकी घातक नसते. दर वर्षी त्याच दरीत, त्याच आठवड्यात, त्याच पद्धतीने मोजणारा माणूस दहातले तीन पक्षी चुकवत असेल आणि पुढच्या वर्षीही तेवढेच चुकवत असेल, तर आकडा खोटा असूनही चढ-उतार खरा कळतो. उत्तर अमेरिकेत १९७० पासून जवळपास २९० कोटी पक्षी कमी झाले, हा २०१९ साली शास्त्रज्ञांनी मांडलेला निष्कर्ष आठवतो? त्याच्या पायाशी मुख्यतः १९६६ साली सुरू झालेली विणीच्या हंगामातली पक्षीगणना होती: ठरलेले रस्ते, ठरलेले थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं, आणि मोजणारे बहुतांश स्वयंसेवक. एकेका माणसाची एकेक सकाळ घेतली तर ती फुटकळच. अर्धशतकभराच्या सकाळी एकाच साच्यात बसल्या म्हणून तो निष्कर्ष उभा राहिला.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ॲरिझोनात टर्की मोजायला जाणाऱ्यांत शिकारी बरेच असतात. या पक्ष्याच्या शिकारीचे परवाने मोजकेच निघतात, सोडत काढून दिले जातात, आणि पक्षी जास्त दिसले तर परवानेही वाढू शकतात. ज्याला आकडा वाढण्यात रस आहे त्याच्याच हातात पेन्सिल द्यायची? हितसंबंधांचा याहून उघड प्रश्न कोणता?

खरं आहे. पण मग हितसंबंध नसलेला मोजणारा दाखवा. यावर लोक पटकन म्हणतात, सरकारी कर्मचारी. आपण भारतीयांनी तरी हे उत्तर इतक्या सहज देऊ नये. १९६६ पासून आपण वाघ मोजत होतो ते पायाच्या ठशांवरून, आणि मोजत होते पगारी वनकर्मचारी. २००१-०२ च्या गणनेत ३,६४२ वाघ निघाले. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर दीड डझनाच्या आसपास वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला एका पत्रकाराच्या बातमीने पहिला प्रश्न उभा केला, नंतर तपासणी झाली, आणि तिथे एकही वाघ उरला नसल्याचं निष्पन्न झालं. पद्धत बदलल्यावर २००८ साली देशाचा आकडा जाहीर झाला तो १,४११. या प्रकरणात हौशी लोक कुठे होते? कुठेच नव्हते. चूक नवखेपणातून झाली नाही. ज्याच्या कामाचं मोजमाप वाघांच्या संख्येवर ठरतं त्यानेच वाघ मोजायचे, तोच आकडा वर पाठवायचा, आणि बाहेरच्या कुणाला कच्ची नोंद दिसायची नाही, ही मूळ खोट होती. एखाद्या साध्या वनरक्षकाने खरं लिहिलं असेलही. वरच्या तक्त्यापर्यंत पोचेस्तो त्याचं काय झालं हे कोण विचारणार? सरिस्काच्या बीटांत, म्हणजे वनरक्षकांच्या गस्तीच्या हद्दींत, दर वर्षी बाहेरची पन्नास माणसं आपापल्या वह्या घेऊन चालत असती, तर ते शेवटचे वाघ गेल्याचं कळायला एवढा उशीर लागला असता का?

म्हणून शिकाऱ्याला गणनेतून हाकलणं हा मला उपाय वाटत नाही. त्याच्या शेजारी, त्याच दरीत, शिकार अजिबात न पटणारा पक्षीनिरीक्षक उभा करा आणि दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या घ्या. कोर्टात दोन्ही बाजूंचे साक्षीदार तपासतात ते काय कुणी निःपक्ष असतो म्हणून? शिवाय शिकाऱ्यांच्या बाबतीत इतिहास आपल्या समजुतीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. १९०० सालच्या नाताळात अमेरिकेत पहिली नाताळ-पक्षीगणना झाली, ती एका शिकारी खेळाला पर्याय म्हणून. त्या दिवशी दोन गट करून दिसेल तो पक्षी मारायचा आणि ढीग मोजून जिंकायचं, अशी तिथे रीत होती. पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं की ढीग नको, यादी करू. पहिल्या वर्षी सगळे मिळून २७ जण होते. आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरचा अबकारी कर वन्यजीवांकडे वळवला. रानटर्की देशभर परत आला त्यात त्या पैशाचा मोठा वाटा आहे. मला शिकार आवडत नाही. पण ज्यांनी मारलं त्यांच्याच नातवंडांनी खांद्यावरून पेटारे वाहून तो पक्षी परत डोंगरात सोडला, हेही मला नाकारता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आणि मला सर्वांत जवळचा. फुकटची माणसं मिळाली की सरकार पगारी माणसं काढतं. ही भीती हवेतली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या वनखात्यातल्या हजारो उमेदवारीवरच्या कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याची पत्रं गेली. आपल्याकडे वनरक्षकाच्या जागा रिकाम्या ठेवून ‘लोकसहभागा’चे फलक लागतात. अशा वेळी स्वयंसेवकाचं कौतुक करणं म्हणजे नकळत त्या कपातीला हातभार लावणं नव्हे का?

इथे मी थेट सांगतो: एक जागा रिकामी ठेवून तिच्या बदल्यात स्वयंसेवक बोलावले जात असतील, तर स्वयंसेवकांनी जायला नकार द्यावा. पण गणनेचं काम जवळून पाहिलं की उलटीच गोष्ट दिसते. स्वयंसेवकाला दरी कोणती हे सांगणारा, नकाशा देणारा, कोवळा नर ओळखायला शिकवणारा, संध्याकाळी वीस तक्ते समोर घेऊन कुठे एकच कळप दोनदा आला हे तपासणारा माणूस पगारीच लागतो. तो गेला की पहिली बंद पडते ती गणनाच. अमेरिकेत तर याला हिशेबाचीही जोड आहे. १९३७ च्या त्याच कायद्याखाली केंद्राकडून ७५ टक्के पैसा मिळवायचा तर राज्याला २५ टक्के वाटा उचलावा लागतो, आणि स्वयंसेवकांचे तास पैशात धरून तो वाटा दाखवता येतो. म्हणजे पहाटे दरीत उभ्या राहिलेल्या माणसाचा तास तिजोरीतून पगारी कामासाठी पैसा ओढून आणतो. आपल्याकडे स्वयंसेवकाच्या तासाची किंमत कुठल्याच हिशेबात नसते. असते ती फक्त आभारपत्रात.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. टर्की आपल्याला वाटतो तितका परका नाही. १६१२ साली मुकर्रब खान या दरबाऱ्याने गोव्यातून जहांगीरासाठी जी नवलाची जनावरं आणि पक्षी नेले, त्यात एक टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचं बारकाईने वर्णन केलं आणि उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनमध्ये आहे. डोक्यावरची कातडी, मानेची गुठळी, पिसांची एकेक किनार त्यात मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे. मन्सूर पगारी होता हे कबूल. पण त्याने जे समोर होतं तेच काढलं, बादशहाला आवडेल ते नव्हे, आणि चारशे वर्षांनी आपण त्यावर विश्वास ठेवतो तो त्यामुळे.

मग आपल्या बुद्धपौर्णिमेचं काय चुकलं? ती गणना शास्त्रीय नाही, हे वनविभागाने मान्य केलं ते बरोबरच केलं. एका रात्रीत एका पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजून जंगलातल्या प्राण्यांची संख्या निघत नाही. त्यात ढग आले, अवकाळी पाऊस पडला की प्राणी पाणवठ्यावर येतच नाहीत. पण ही चूक कळल्यावर पद्धत सुधारायची सोडून आपण हेतूच बदलला. अनेक ठिकाणी आता त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतात, शुल्क भरून मचाण मिळतं. म्हणजे साक्षीदार होता, त्याला पर्यटक करून टाकलं. पर्यटकाला वाघ दिसायला हवा असतो. तो रिकाम्या पाणवठ्यासाठी पैसे भरत नाही, आणि पहाटे हातात कोरा तक्ता आला तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. गणनेला मात्र तोच कोरा तक्ता हवा असतो. चिरिकावात २०११ साली हॉर्सशू-२ वणव्याने सव्वादोन लाख एकरांच्या आसपास जंगल जळालं. अशा डोंगरात पुढच्या वसंतात कुणी उभा राहिला आणि त्याला आरोळी ऐकू आली नाही, तर त्याचं ‘काही नाही’ हे दुसऱ्या दरीतल्या दहा टर्कींपेक्षा जास्त सांगून जातं. ते लिहायला धीर लागतो आणि ते लिहिल्यावर टाकून न देणारी व्यवस्था लागते.

नान्नजचा माळढोक आठवा. टर्कीसारखाच मोठा, जमिनीवर वावरणारा, माणसाच्या पोटाला आणि बंदुकीला सोपा पडलेला पक्षी. सोलापूर-नगरच्या माळांवर १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. गेल्या काही वर्षांत तिथल्या गणनांमध्ये एखाददुसरा पक्षी दिसला की बातमी होते. ज्या माळावर काहीच दिसलं नाही, तिथे किती लोक, किती तास, कोणत्या बाजूला बघत होते? त्या नोंदी जोडून बघितल्या असत्या तर माळ कधी आणि कुठून रिकामा होत गेला हे गावागावानिशी सांगता आलं असतं. आपण पक्षी दिसल्याची बातमी छापली आणि न दिसल्याच्या नोंदी विसरलो.

लोकांच्या नोंदी नीट गोळा केल्या तर काय होतं याचा पुरावा आता घरचाच आहे. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींतून तयार झाला आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला. तिथेही शहरांभोवती नोंदींची गर्दी आणि दूरच्या भागांत तुटवडा ही अडचण आहेच. पण न दिसलेल्या पक्ष्यांचा हिशेब तिथे धरता येतो, कारण निरीक्षक पूर्ण यादी देतो: जेवढे ओळखले ते सगळे, आणि यादीत जो नाही तो त्याला आढळला नाही. हाच एक नियम मचाणावर नेला तर काय बिघडणार आहे?

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाने आणि अभयारण्याने मोजके पाणवठे कायमचे ठरवावेत आणि तिथे वर्षानुवर्षं शक्यतो तीच, शिकवून तयार केलेली माणसं शुल्क न घेता बसवावीत. त्यांत जवळच्या गावातली माणसं निम्मी तरी असावीत, कारण पाणवठा मेमध्ये आटतो की मार्चमध्येच, हे त्यांना ठाऊक असतं. तक्त्यात पाण्याची पातळी, आकाश, वारा आणि ‘काही आलं नाही’ यांचे रकाने असावेत. मचाणाच्या क्रमांकासह प्रत्येक तक्ता जसाच्या तसा महिन्याभरात सगळ्यांना पाहता येईल असा ठेवावा, बेरीज करून नव्हे. फक्त चोरट्या शिकाऱ्यांच्या हाती पडू नयेत अशा जागा तेवढ्या झाकाव्यात. ज्यांना वाघ बघायचा आहे त्यांनी पैसे भरून वेगळ्या मचाणावर बसावं, त्याला माझी हरकत नाही. आणि ज्या विभागांकडे जुन्या पौर्णिमांचे तक्ते अजून शिल्लक असतील, त्यांनी या पावसाळ्याआधी ते बाहेर काढून त्यांची छायाचित्रं घ्यावीत. शाई पुसट झालेली असेल, काही पानं वाळवीने खाल्लेली असतील, पण कोणत्या पाणवठ्यावर कोणत्या वर्षापासून सांबर येईनासं झालं, हे त्यातल्या कुठल्यातरी पानावर कुणीतरी लिहून ठेवलेलं असण्याची शक्यता आहे.